डिजिटल चिकटवही करायची आहे? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे तपासा

ऑर्कुट आठवतंय का? तिथे प्रत्येकाच्या खात्यावर एक ‘स्क्रॅपबुक’ असायचं आणि मित्रमंडळी त्यात ‘स्क्रॅप’ टाकायची. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं. तिथले फोटो गुगल प्लसवर हलवण्याची सोय होती. पुढे २ एप्रिल २०१९ रोजी सामान्य लोकांसाठी गुगल प्लसही बंद झालं. मधल्या काळात, २०१६ मध्ये, घरच्या कॉम्प्युटरवर फोटो लावून ठेवणारं आणि त्यांचे कोलाज करून देणारं पिकासा गुगलने थांबवलं.

हे आत्ता सांगायचं कारण असं की डिजिटल स्क्रॅपबुकसाठी सॉफ्टवेअर शोधायला बसलं की ‘टॉप टेन’ याद्या समोर येतात. टेम्प्लेट किती, स्टिकर किती, फिल्टर किती, याची त्यात मोजदाद असते. पण आजी-आजोबांचे जुने फोटो, बाळाचं पहिलं वर्ष, आईच्या हातची पाककृतीची चिठ्ठी हे सगळं आपण वीस-तीस वर्षांनी पुन्हा बघायला म्हणून जपत असतो. आज आवडलेलं ॲप तोवर चालू असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून निवडीचा पहिला निकष साधा आहे: त्यात केलेलं पान पूर्ण दर्जात बाहेर काढून आपल्याजवळ ठेवता येतं का? बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे नेमकं काय?

शाळेत आपण चिकटवही करायचो. वर्तमानपत्रातली कात्रणं, पानं-फुलं, तिकिटं चिकटवायची आणि खाली चार ओळी लिहायच्या. स्क्रॅपबुक म्हणजे तेच. हा छंद जुना आहे. अमेरिकी लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ मध्ये आधीपासून डिंक लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं.

डिजिटल रूपात कात्री आणि डिंकाची जागा ‘लेअर’ घेतात. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. सगळ्यात खाली पार्श्वभूमीचा कागद, त्यावर फोटो, त्यावर फोटोची चौकट, त्यावर मजकूर. प्रत्येक थर वेगळा असल्यामुळे फोटो हलवला तरी मजकूर जागेवर राहतो. पार्श्वभूमी, चौकटी, फुलं-पानं अशा तयार सामानाच्या संचाला ‘किट’ म्हणतात. यातली फुलं-पानं बहुतेक वेळा पीएनजी फाइलमध्ये असतात, कारण या प्रकारात पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. जेपीजीमध्ये ती सोय नाही.

कोलाजमध्ये फोटो शेजारी शेजारी बसवले की काम संपतं. स्क्रॅपबुकमध्ये फोटोइतकाच मजकूर महत्त्वाचा असतो. फोटोत कोण आहे, कुठे काढला, त्या दिवशी काय झालं, हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या पिढीसाठी तो अनोळखी माणसांचा फोटो असतो.

आधी ठरवा: पान बघणार कुठे?

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हे बरंचसं या एका प्रश्नावर ठरतं. पान फक्त फोनवर फिरणार असेल तर जवळपास कुठलंही ॲप चालेल. छापायचं असेल तर थोडं गणित करावं लागेल.

चांगल्या छपाईसाठी एका इंचाला ३०० पिक्सेल हे प्रचलित माप आहे. त्यावरून हिशोब असा निघतो:

• १२ × १२ इंचाचं पान, म्हणजे स्क्रॅपबुकचं नेहमीचं माप: ३६०० × ३६०० पिक्सेल
• ए-फोर पान: २४८० × ३५०८ पिक्सेल
• १२ × ३६ इंच, म्हणजे आपल्याकडच्या लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं उघडलेलं जोडपान: १०,८०० × ३६०० पिक्सेल

आता व्हॉट्सॲपचं बघा. तिथून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ३०० ने भागलं तर तो जेमतेम सव्वापाच इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. पूर्ण पानभर ताणला तर फुटतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘एचडी’ पर्यायाने दर्जा सुधारतो. तरी मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर नातेवाइकांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. चांगल्या सॉफ्टवेअरलाही खराब फोटोतून चांगलं पान काढता येत नाही.

जुने छापील फोटो स्कॅन करतानाही हेच गणित. ४ × ६ इंचाचा फोटो त्याच मापात छापायचा असेल तर ३०० डीपीआय पुरे. दुप्पट मोठा करायचा असेल तर ६०० वर स्कॅन करा.

पर्याय किती प्रकारचे?

नावं शेकडो आहेत, पण ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला गट: फोनवरची कोलाज आणि स्क्रॅपबुक ॲप्स. शिकायला दहा मिनिटं लागतात, बाहेरगावी असतानाच पान तयार होतं. अडचण दोन ठिकाणी येते. बऱ्याच मोफत ॲप्समधून बाहेर पडणारं चित्र लहान असतं किंवा त्यावर ॲपचं नाव छापलेलं असतं. शिवाय ती सगळ्या फोटोंची परवानगी मागतात. अँड्रॉइड १४ पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून निवडक फोटोच दाखवण्याची सोय आहे, ती वापरा.

दुसरा गट: ब्राउझरमध्ये चालणारी टेम्प्लेटची साधनं. कॅन्व्हा आणि ॲडोबी एक्स्प्रेस ही यातली ओळखीची नावं. तयार मांडणी निवडायची, आपले फोटो टाकायचे, मजकूर बदलायचा. पुण्यातली बहीण आणि दुबईतला भाऊ एकाच पानावर काम करू शकतात, हा याचा मोठा फायदा. कॅन्व्हा वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पानाचं माप इंचात दिलं तर ते एका इंचाला ९६ पिक्सेल धरतं. १२ इंचाचं पान जेपीजी म्हणून उतरवलं तर ११५२ पिक्सेलचंच मिळतं. त्यामुळे सुरुवातीलाच माप पिक्सेलमध्ये, ३६०० × ३६०० असं द्या, किंवा छपाईसाठी ‘पीडीएफ प्रिंट’ हा पर्याय निवडा.

तिसरा गट: लेअरवर चालणारी फोटो सॉफ्टवेअर. फोटोशॉप, त्याचं घरगुती रूप फोटोशॉप एलिमेंट्स, मोफत मिळणारं गिंप, ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, ॲफिनिटी ही सगळी या गटातली. शिकायला वेळ लागतो, पण हात पूर्ण मोकळा असतो. आजीच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी स्कॅन करून पानावर ठेवायची आणि ‘मल्टिप्लाय’ हा ब्लेंड मोड लावायचा. चिठ्ठीचा पांढरा कागद नाहीसा होतो आणि फक्त शाई उरते. असली कामं इथे होतात. मात्र कॉम्प्युटरला ताकद लागते. ३६०० × ३६०० पिक्सेलचा एक पूर्ण लेअर मेमरीत सुमारे ५२ एमबी जागा घेतो. असे वीस लेअर झाले की हजार एमबी म्हणजे जवळजवळ एक जीबी झाली. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे रखडणार.

चौथा गट: पानांची मांडणी करणारी सॉफ्टवेअर. साठ-सत्तर पानांचं, भरपूर मजकुराचं कुटुंबाचं पुस्तक करायचं असेल तर मोफत मिळणारं स्क्रायबस उपयोगी पडतं. पानांचे क्रमांक, समासाच्या सारख्या रेषा, सगळ्या पानांना एकच शैली या गोष्टी फोटो सॉफ्टवेअरपेक्षा इथे सोप्या जातात.

यांच्या जोडीला एक घरचा पर्यायही आहे: पॉवरपॉइंट किंवा लिबरऑफिस इम्प्रेस. स्लाइडचं माप १२ × १२ इंच करायचं आणि काम सुरू. ऑफिसात आयुष्य घालवलेल्या काका-काकूंना हे आधीपासून येत असतं. फक्त पॉवरपॉइंट फाइल सेव्ह करताना फोटो लहान करू शकतं. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

मराठीची परीक्षा घ्या

परदेशी याद्यांमध्ये हा मुद्दा कधीच नसतो, आणि आपलं काम बहुतेक वेळा इथेच अडतं. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाहीत. जोडाक्षरं घडवावी लागतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न्यावी लागते, रफार वर चढवावा लागतो. हे काम सॉफ्टवेअरमधलं मजकुराचं इंजिन करतं. ते तयार नसेल तर जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात आणि वेलांटी भलतीकडे जाते.

सॉफ्टवेअर उघडल्यावर सगळ्यात आधी ही ओळ टाकून बघा: ‘किल्ल्यावर कोऱ्या वह्या, ज्ञानेश्वरांचं कर्तृत्व, शृंगारपूरची सुट्टी’. यात रफार, जोडाक्षरं, वेलांट्या आणि खास मराठीचा ‘ऱ्या’ सगळं आलं. एखादा शब्द जरी फुटला तरी त्या सॉफ्टवेअरमध्ये लांब मजकूर लिहायच्या फंदात पडू नका.

गिंप, इंकस्केप आणि लिबरऑफिसमध्ये देवनागरी नीट जुळते. स्क्रायबसच्या १.४ मालिकेत ती जुळत नसे, नव्या १.६ मालिकेत जुळते. त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी बदला. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला नाही म्हणून ‘फोटोशॉपमध्ये मराठी येतच नाही’ असं अनेकांना वाटतं. ॲफिनिटीच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी ही दुखरी जागा होती, म्हणून वरची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फाँट युनिकोडच निवडा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मुंबईच्या एक टाइप या समूहाचे मुक्ता, बलू आणि मोदक, किंवा मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन हे फाँट गुगल फाँट्सवर मोफत आहेत. शीर्षकाला एक आणि मजकुराला एक, असे दोन फाँट पूर्ण वहीला पुरतात.

पैसे: एकदाच, दरमहा की दर तीन वर्षांनी?

सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की कायमचं आपलं, हा काळ मागे पडत चाललाय. ॲडोबीने २०१३ मध्ये फोटोशॉप वर्गणीच्या वाटेवर नेलं. एलिमेंट्स एकरकमी मिळायचं, पण २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचाही परवाना तीन वर्षांचा झाला. दुसऱ्या बाजूला ॲफिनिटी एकेकाळी एकरकमी विकत मिळायचं. २०२४ मध्ये ते कॅन्व्हाने घेतलं आणि २०२५ च्या अखेरीस मोफत केलं, मात्र त्यासाठी कॅन्व्हाचं खातं लागतं. गिंप आणि स्क्रायबस मुक्त स्रोत आहेत. त्यांना वर्गणी नाही आणि खातंही नाही.

म्हणून आजच्या किमतीसोबत आणखी एक प्रश्न विचारा: पैसे भरणं थांबवलं तर माझी जुनी पानं उघडतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते सॉफ्टवेअर वापरू नका असं नाही. पण प्रत्येक पान पूर्ण झालं की त्याच दिवशी बाहेर काढून ठेवायची शिस्त मात्र हवी.

टेम्प्लेटच्या साधनांमध्ये काही चित्रं पैसेवाल्या खात्यासाठीच असतात. मोफत खात्यात ती वापरली तर पानावर वॉटरमार्क येतो. अर्धं पान झाल्यावर हे कळलं की चिडचिड होते, तेव्हा घटक निवडतानाच त्याची खूण बघा. विकत घेतलेल्या किटवर ‘वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल तर घरची वही चालेल. त्याच किटमधून दुसऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायला वेगळा परवाना लागतो.

बाहेर पडायची वाट

फोटोशॉपची पीएसडी, गिंपची एक्ससीएफ, कॅन्व्हाचं ऑनलाइन पान ही सगळी कामाची रूपं आहेत. त्यांत बदल करता येतात, पण ती उघडायला ते ते सॉफ्टवेअर लागतं. त्यातल्या त्यात पीएसडी बरी. गिंप, फोटोपी आणि ॲफिनिटी तिन्ही ती उघडतात, फार गुंतागुंतीचे परिणाम तेवढे बिघडू शकतात. जपून ठेवायचं रूप मात्र कुठल्याही साधनात उघडेल असंच हवं. प्रत्येक पानासाठी या चार गोष्टी ठेवा:

१. पूर्ण मापाची पीएनजी किंवा सर्वोच्च दर्जाची जेपीजी
२. छपाईची पीडीएफ
३. लेअर असलेली मूळ फाइल, सॉफ्टवेअर देत असेल तर
४. वापरलेले मूळ फोटो आणि पानावरचा मजकूर वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये

चौथी गोष्ट बहुतेकजण विसरतात. पान चित्र म्हणून सेव्ह केलं की त्यावरची नावं हीसुद्धा चित्रच होतात. कॉम्प्युटरवर ‘सुमनआत्या’ शोधलं तर ते पान सापडेलच असं नाही. टेक्स्ट फाइलमधलं नाव मात्र केव्हाही सापडतं.

जुन्या फोटोंसाठी आणखी एक सावधगिरी. हल्ली अनेक साधनांत एआयने फोटो ‘सुधारण्याची’ सोय असते. धूसर चेहरा एकदम स्वच्छ होतो, पण त्यातले बारकावे यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. पणजीचे डोळे तिचे राहतीलच असं नाही. हा प्रयोग करायचा तर नेहमी प्रतीवर करा आणि मूळ स्कॅनला हात लावू नका.

साठवणुकीचा जुना नियम इथेही चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा भावाच्या घरी. केवळ क्लाउडवर विसंबू नका. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली, हे आपण बघितलंच आहे.

छापायला देण्याआधी

फोटो लॅबला आणि स्टुडिओला साधारणपणे आरजीबी रंगातली जेपीजी चालते, तर ऑफसेट छापखान्याला बहुधा सीएमवायके रंगातली पीडीएफ लागते. त्यामुळे पहिलं पान करण्याआधीच छापणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: पानाचं नेमकं माप किती, फाइल कोणत्या प्रकारात हवी आणि ब्लीड किती सोडायचं. ब्लीड म्हणजे कापणीत जाणारी जास्तीची कड. ती बहुतेक ठिकाणी ३ मिलीमीटर असते. पार्श्वभूमी तिथपर्यंत न्यायची आणि चेहरे व नावं कडेपासून आत ठेवायची. जोडपानाच्या मधल्या घडीवरही कुणाचा चेहरा येऊ देऊ नका.

मग कोणी काय घ्यावं?

• फोनच हाताशी आहे, पानं मित्रमंडळींना पाठवायची आहेत: फोनवरचं साधं ॲप किंवा कॅन्व्हाचं मोफत खातं.
• भावंडं वेगवेगळ्या गावी आहेत, आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला छापील वही द्यायची आहे: कॅन्व्हासारखं एकत्र काम करता येणारं साधन. माप पिक्सेलमध्ये, शेवटी पीडीएफ.
• छंद म्हणून शिकायचं आहे, बारीकसारीक काम आवडतं, वर्गणी नको: गिंप. पीएसडी टेम्प्लेट हाती असतील तर फोटोपी.
• घरी आधीपासून फोटोशॉप आहे: तेच वापरा. मराठीची सेटिंग तेवढी तपासा.
• मजकूर जास्त, पानं भरपूर: फोटो गिंपमध्ये नीट करून स्क्रायबसमध्ये पुस्तक.
• कॉम्प्युटरवर नवीन काही शिकायचं नाही: पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेस, आणि पीडीएफ.

पैसे भरण्याआधी किंवा शंभर फोटो चढवण्याआधी एका संध्याकाळी एकच पान शेवटपर्यंत करून बघा. त्यात दोन फोटो, वरची मराठी ओळ आणि एक चौकट टाका. ते पूर्ण मापात बाहेर काढा, पिक्सेल मोजा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि जवळच्या लॅबमधून एक प्रत छापून आणा. कागदावर अक्षरं नीट दिसली, फोटो फुटला नाही आणि फाइल त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडली, तर तुमची निवड झाली. मग ते छापलेलं पान घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसासमोर ठेवा आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव विचारून लिहून घ्या. सॉफ्टवेअर पुढे कधीही बदलता येतं, पण ही नावं सांगणारी माणसं दुसरी मिळत नाहीत.